हातउसने : नात्यातले भांडवल

घर आणि कामाचे ठिकाण यांतील अंतर वाढले, तसे वाहन ही हौसेची नव्हे, तर पोटाची गरज झाली. ते घेण्यासाठी लागणारा पहिला पैसा अनेकदा बँकेतून नव्हे, नात्यातून येतो. या घरगुती कर्जाचा आणि त्यातील व्यवहाराचा विचार मांडणाऱ्या व्याख्यानाचा हा मजकूर.



कर्ज हा शब्द उच्चारला की बँक, सावकार, हप्ता, जप्ती अशी एक मालिका डोळ्यांपुढून सरकते. कर्जाविषयी लिहिले-बोलले जाते तेही बहुधा याच अंगाने. परंतु आपल्या समाजात एक कर्ज असे आहे, की ज्याची नोंद कोठल्याच वहीत नसते, ज्याला तारण नसते, ज्याचा व्याजदर कोणी ठरवीत नाही आणि ज्याला कोणी कर्ज असे म्हणतही नाही. ‘हातउसने’ या घरगुती शब्दात ते सामावते. मेहुण्याकडून पंधरा हजार, आत्याकडून दहा हजार, आईने डब्यात बाजूला ठेवलेले पाच हजार. एवढ्यात एखादी जुनी मोटारसायकल दाराशी येते आणि घरातला मुलगा किंवा मुलगी तिच्यावर बसून कामाला जाऊ लागते. आजचा विषय एवढाच आहे. तो लहान वाटेल; पण असंख्य घरांची रोजीरोटी आणि तितकीच नाती त्यात गुंतलेली आहेत.

व्यापाऱ्याला खेळते भांडवल लागते, हे सर्वांना कळते. नोकरदारालाही ते लागते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. नव्या नोकरीचा पहिला पगार महिनाभराने हाती पडतो. कामावर मात्र पहिल्याच दिवशी, वेळेवर, हजर व्हावे लागते. रेल्वेचा पास असो, एसटीचे भाडे असो, वाटून घेतलेल्या रिक्षाचे पैसे असोत की स्वतःची दुचाकी असो, हा खर्च कमाईच्या आधी करावा लागतो. ज्याच्या घरी शिल्लक आहे त्याला हे अंतर जाणवतही नाही. ज्याच्या घरी ती नाही, त्याची नोकरी लागण्यापूर्वीच सुटू शकते. या फटीत जो हात पुढे येतो, तो नात्यातला असतो.

गिरणीच्या भोंग्यापासून कारखान्याच्या पाळीपर्यंत

ही गरज पूर्वी एवढी तीव्र का नव्हती, याचे उत्तर वस्तीच्या रचनेत आहे. मुंबईच्या गिरणगावात लालबाग-परळच्या चाळी आणि गिरण्या एकमेकांना लागून होत्या. भोंगा वाजला की माणूस चालत कामावर जाई आणि चालत घरी येई. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि त्या चाळींतील पुढची पिढी डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार अशी दूर दूर सरकत गेली. चर्चगेट ते विरार हे अंतर 60 किलोमीटरचे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते बदलापूर 68 किलोमीटरचे. काम पूर्वी घराच्या पायरीशी होते, ते आता दोन तासांच्या प्रवासापलीकडे गेले.

मुंबईबाहेरही हेच घडले, फक्त दिशा उलटी. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी अशा ठिकाणी कारखाने उभे राहिले. ते गावाबाहेर, माळावर उभे राहिले. आणि त्यांत काम करणारी मुले मात्र आसपासच्या वीस-पंचवीस किलोमीटरांतील खेड्यांत राहिली. पहिली पाळी सकाळी लवकर सुरू होते, दुसरी रात्री उशिरा सुटते. त्या वेळी खेड्यात जाणारी एसटी नसते. मोठे कारखाने कायम कामगारांसाठी बस ठेवतात. ठेकेदाराच्या हाताखाली असलेल्या मुलाला तिच्यात जागा मिळेलच असे नाही.

2011 च्या जनगणनेत माणसे कामाला कशी जातात, याचीही नोंद झाली. शेती आणि घरगुती उद्योग वगळून इतर कामे करणारे सुमारे 20 कोटी लोक त्यात मोजले गेले. त्यांतील साधारण 23 टक्के पायी जात होते, 13 टक्के सायकलने, जवळपास तेवढेच मोटारसायकल वा स्कूटरने आणि 11 टक्के बसने. म्हणजे तेव्हाही पायी जाणारा हाच सर्वांत मोठा वर्ग होता. त्यानंतर चित्र वेगाने बदलले. 2001 मध्ये देशातील सुमारे 12 टक्के कुटुंबांकडे दुचाकी होती. 2011 मध्ये 21 टक्के कुटुंबांकडे. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर गेले. ही वाढ केवळ समृद्धीची म्हणता येणार नाही. तिच्यात नाइलाजाचाही मोठा वाटा आहे.

हा नाइलाज दोन प्रसंगांनी उघडा पाडला. मार्च 2020 मध्ये साथीमुळे मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली. मधले काही आठवडे ठरावीक वेळांत मिळालेली मुभा सोडली, तर लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांसाठी ती पुन्हा सुरू होण्यास 15 ऑगस्ट 2021 हा दिवस उजाडावा लागला. कार्यालये त्याआधी कितीतरी उघडली होती. विरारचा, बदलापूरचा माणूस कामावर जाणार कसा? अनेकांनी त्या दिवसांत उसनवारी करून दुचाकी घेतली आणि दररोज शंभर-सव्वाशे किलोमीटर महामार्गावर काढले. लगेच 2021 च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल 2022 पर्यंत लांबला. शहरात जे लोकल बंद असताना घडले, तेच खेड्यात एसटी बंद असताना घडले. पगार अर्ध्यावर आलेला, बँक दारात उभी करीत नाही, अशा वेळी कामावर पोहोचविले ते भावाने, मेहुण्याने, चुलत्याने.

बँकेच्या आधी नाते

हे काही नवे नाही. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने 1951-52 मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी केली. ए. डी. गोरवाला तिच्या समितीचे अध्यक्ष होते आणि धनंजयराव गाडगीळ एक सदस्य. 1954 मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी जवळपास 70 टक्के दोन्ही प्रकारच्या सावकारांकडून येत होते, हा आकडा पुष्कळांना ठाऊक असतो. त्याच तक्त्यातील दुसऱ्या आकड्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. नातेवाइकांकडून आलेले कर्ज 14.2 टक्के होते. सहकारी संस्थांकडून आलेले 3.1 टक्के आणि व्यापारी बँकांकडून आलेले एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे सहकारी संस्था, सरकार आणि बँका या तिघांच्या बेरजेच्या जवळजवळ दुप्पट नात्यातील उसनवारी होती.

त्यानंतर बँका गावोगावी पोहोचल्या. 2019 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील थकित कर्जांपैकी 66 टक्के आणि शहरी भागातील 87 टक्के कर्ज संस्थात्मक असल्याचे दिसले. ही प्रगती खरी आहे. परंतु अशा पाहणीत मोठ्या रकमा सहज मोजल्या जातात. आत्याने दिलेले दहा हजार रुपये ‘कर्ज’ म्हणून सांगावेत, असे उत्तर देणाऱ्याच्या मनातही येत नाही.

शिवाय बँकेचे दार उघडण्यासाठीही हातात काही असावे लागते. वाहनकर्ज घेताना किमतीचा काही भाग आधी स्वतः भरावा लागतो. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये महिलांसाठी पिंक ई-रिक्षा योजना आणली. तिच्यात 20 टक्के अनुदान शासनाचे, 70 टक्के कर्ज बँकेचे आणि 10 टक्के रक्कम लाभार्थी महिलेने भरावयाची, अशी वाटणी आहे. योजना चांगलीच आहे. पण धुणीभांडी करून घर चालविणाऱ्या बाईने ते दहा टक्के कोठून आणावेत? ते भावाकडून येतात, बहिणीच्या भिशीतून येतात. शासनाचे वीस आणि बँकेचे सत्तर टक्के नात्यातल्या दहा टक्क्यांवाचून हलत नाहीत. ज्याच्या हाती पगाराची चिठ्ठी नाही, ज्याचा पूर्वीचा कर्जव्यवहार नाही आणि ज्याला जुनीच गाडी परवडते, त्याच्या बाबतीत तर हे दहा टक्के पुष्कळदा शंभर टक्के होतात.

या मदतीचे मोल किती, ते एका साध्या हिशेबाने कळेल. समजा, एकाने जुन्या दुचाकीसाठी 36,000 रुपये घेतले. बिनपरवाना सावकाराचा शेकडा पाच रुपये महिना हा दर अनेकांच्या ओळखीचा आहे. त्या दराने महिन्याला 1,800 रुपये नुसते व्याज जाते आणि मुद्दल जागेवर राहते. तेच पैसे भावाकडून घेतले आणि महिन्याला 2,000 रुपयांप्रमाणे परत केले, तर दीड वर्षात मुद्दल फिटते. सावकाराकडे त्याच दीड वर्षात 32,400 रुपये व्याज भरूनही छत्तीस हजार डोक्यावर राहिलेच असते. म्हणजे भाऊ छत्तीस हजार उसने देतो, आणि त्याखेरीज जवळपास तेवढीच दुसरी रक्कम न बोलता वाचवितो. आपल्याकडे या दुसऱ्या रकमेचे आभार मानण्याची पद्धत नाही.

एकत्र घराचा नियम, विभक्त घराची रीत

मग एवढ्या उपकारक व्यवहारातून एवढा कडवटपणा का निर्माण होतो? त्याचे मूळ समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी ऋणाकडे कधीही दुर्लक्ष केले नाही. मनुस्मृतीत आणि नारदस्मृतीत व्यवहाराची, म्हणजे दाव्यांची, जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत पहिले पद ‘ऋणादान’ हे आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात एक मार्मिक नियम आहे. भाऊ-भाऊ, पती-पत्नी आणि पिता-पुत्र हे जोवर अविभक्त आहेत, तोवर त्यांच्यात परस्परांचे ऋण, जामीनकी आणि साक्ष मानली जात नाही, असे तो नियम सांगतो. विज्ञानेश्वरांची ‘मिताक्षरा’ ही याच स्मृतीवरील टीका. महाराष्ट्रातील हिंदू कुटुंबाचा कायदा दीर्घकाळ मुख्यतः तिच्याच आधारे चालत आला.

या नियमात मोठे शहाणपण आहे. जेथे चूल एक, पेटी एक आणि कमाई एक, तेथे एका भावाने दुसऱ्याला दिलेले पैसे हे कर्ज नसतेच. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेली ती रक्कम असते. थोरल्याने धाकट्याला सायकल घेऊन दिली, तर तिची फेड धाकट्याच्या कमाईतून त्याच पेटीत होई. हिशेब मागण्याचे कारणच नव्हते.

पण नियमाचा दुसरा अर्धाही तितकाच महत्त्वाचा आहे. ‘अविभक्त असताना’ ही त्याची अट आहे. विभक्त झाल्यावर ऋण हे ऋणच असते. आज आपली घरे विभक्त आहेत. थोरला पिंपरीत, धाकटा नाशिकला, बहीण सोलापूरला. प्रत्येकाची चूल वेगळी, घराचा हप्ता वेगळा, मुलांच्या शाळेची फी वेगळी. व्यवहार विभक्त घरांत होतो, आणि रीत मात्र एकत्र घराची चालते. घेणारा मनात म्हणतो, ‘दादाचेच तर आहेत.’ देणाऱ्याच्या घरी त्याच पैशांवर दुसऱ्या कोणाचा तरी प्रवेश, कोणाचे तरी औषधपाणी ठरलेले असते. या दोन समजुतींत जे अंतर पडते, त्यातच नाते सापडते आणि चिरडते.

बिघडण्याची वाट

हे बिघडणे भांडणाने सुरू होत नाही, मौनाने सुरू होते. पैसे देताना परतफेडीची तारीख विचारणे देणाऱ्याला अप्रशस्त वाटते, आणि घेणाराही ती सांगत नाही. ‘होतील तेव्हा दे’ एवढ्यावर व्यवहार होतो. ‘होतील तेव्हा’ या शब्दांचा अर्थ देणाऱ्याच्या मनात सहा महिने असतो, घेणाऱ्याच्या मनात दोन वर्षे. सहा महिने उलटतात. घेणाऱ्याने दरम्यान नवा मोबाइल घेतलेला दिसतो, कुटुंबासह देवदर्शन करून आलेला दिसतो. देणारा बोलत नाही, पण मोजतो. मागावे तर हलकेपणा, न मागावे तर घरात बोलणी. तिकडे घेणाऱ्यालाही हे कळते. तो फोन टाळू लागतो. मग साखरपुड्याला येत नाही, दिवाळीत ‘कामावर सुट्टी नव्हती’ म्हणतो. ज्या वाहनावरून भावाच्या घरी जायचे, ते वाहनच भावाच्या घराची वाट अडविते.

देणाऱ्याची चूकही लहान नसते. काही घरांत उसने दिलेले पैसे म्हणजे घेणाऱ्याच्या संसारात बोलण्याचा परवाना समजला जातो. त्याच्या मुलांचे कपडे, बायकोची साडी, रविवारचे मटण, सर्वांवर डोळा राहतो. चारचौघांत ‘ती गाडी आमच्या पैशांची’ असे एकदा कोणी बोलून जाते आणि नंतर पै न् पै फिटली तरी तो शब्द फिटत नाही. सावकाराचे व्याज पैशांत असते. नात्यातले व्याज असे मानहानीत वसूल होऊ लागले, तर ते सावकारापेक्षाही महाग पडते.

स्त्रीधनाचा प्रश्न

या सर्व व्यवहारात एक देणारी अशी आहे, की तिचे नाव देणाऱ्यांच्या यादीत येतच नाही. पैशांची जुळवाजुळव होईना की घरातील नजर तिच्या पाटल्यांकडे, बोरमाळेकडे जाते. रिक्षाचा पहिला भरणा, जुन्या टेम्पोची किंमत, पाळीवर जाण्यासाठी घेतलेली मोटारसायकल, यांसाठी असंख्य घरांत सोने गहाण पडले आहे. ते तिने पुष्कळदा आनंदाने काढून दिले आहे. पण ‘घरातलेच आहे’ या शब्दाखाली ते सोडवून परत देण्याची जबाबदारी विरून जाते.

परंपरा काय सांगते? याज्ञवल्क्यांनी दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि बंदिवास या चार आपत्तींत पतीने घेतलेले स्त्रीधन परत देण्यास तो बांधील नाही, असे म्हटले आहे. याचाच अर्थ, इतर प्रसंगी घेतलेले परत दिले पाहिजे. त्या चार प्रसंगांत वाहनखरेदी बसत नाही. आधुनिक न्यायालयाने तर याहून पुढचे पाऊल टाकले. 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन ही पत्नीची पूर्ण मालकीची संपत्ती असल्याचे स्पष्ट केले. एप्रिल 2024 मधील निर्णयात याच न्यायालयाने म्हटले, की अडचणीच्या काळात पती ते वापरू शकेल, परंतु ते वा त्याचे मूल्य परत करणे हे त्याचे नैतिक कर्तव्य आहे. म्हणून बायकोच्या सोन्यावर वाहन आले असेल, तर परतफेडीच्या यादीत तिचे नाव पहिले असले पाहिजे. ती मागत नाही, हे तिला शेवटी ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. सासऱ्याने स्वखुशीने, परत घेण्याच्या बोलीवर जावयाला मदत करणे वेगळे. आणि ‘कामाला जायला गाडी हवी, माहेराहून पैसे आण’ असे सुनेला सांगणे वेगळे. दुसऱ्याला उसने म्हणत नाहीत, हुंडा म्हणतात. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा आहे. घर बांधण्यासाठी माहेराहून पैसे आणण्याची मागणी हीदेखील हुंड्याची मागणी ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये सांगितले. मागणीचे निमित्त घर असो वा गाडी, तिचे स्वरूप बदलत नाही. नोकरीची गरज हे अशा मागणीचे पांघरूण होता कामा नये.

व्यवहार कसा असावा

आता प्रश्न उरतो, तो करावे काय याचा. नात्यात पैसा आणूच नये, असा उपदेश सोपा आहे. पण ज्याला उद्या सकाळी सहाच्या पाळीला पोहोचायचे आहे, त्याला तो निरुपयोगी आहे. पैसा नात्यात येणारच. तो नीट कसा यावा, एवढेच आपल्या हाती आहे.

पहिली गोष्ट, मागण्यापूर्वी पूर्ण हिशेब करावा. गाडीची किंमत म्हणजे गाडीचा खर्च नव्हे. कारखाना 22 किलोमीटरवर आहे असे धरा. जाऊन-येऊन 44, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 1,144 किलोमीटर. लिटरला 45 किलोमीटर मिळाले, तर सुमारे 25 लिटर पेट्रोल लागेल. लिटरचा दर शंभर रुपये धरला तरी अडीच हजार झाले. टायर, ऑइल, दुरुस्ती, विमा यांसाठी महिन्याला पाचशे बाजूला काढले पाहिजेत. हे तीन हजार, आणि त्यावर दोन हजार परतफेड. पगार पंधरा हजार असेल, तर त्याचा तिसरा हिस्सा रस्त्यावर गेला. हा हिशेब जमत असेल तरच हात पसरावा. जमत नसेल, तर आधी वाटून प्रवास, सायकल आणि बस, किंवा कामाजवळ खोली, असे पर्याय तपासावेत. कमी किमतीची गाडी घेणे, हा तर पर्याय नेहमीच असतो.

दुसरी गोष्ट, लिहून ठेवावे. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. उलट, स्मरणशक्तीवर नाते सोपविणे हाच खरा धोका आहे. साध्या कागदावर रक्कम, तारीख, परतफेडीची पद्धत आणि दोघांच्या सह्या, एवढे पुरे. पैसे बँकेतून द्यावेत आणि बँकेतूनच परत करावेत. म्हणजे वाद उरत नाही. 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याने तसाही प्रतिबंध केला आहे. मुदतीचा कायदा 1963 चा आहे. परतफेडीची वेगळी बोली नसेल, तर दिलेल्या कर्जाच्या वसुलीचा दावा कर्ज दिल्यापासून साधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो. त्या मुदतीत घेणाऱ्याने लेखी कबुली दिली, तर तेथून मुदत नव्याने मोजली जाते. भावावर दावा लावावा म्हणून हे सांगावयाचे नाही. कागद स्वच्छ असला की दाव्याची वेळच येत नाही, म्हणून सांगावयाचे.

तिसरी गोष्ट, परतफेड पगाराच्या दिवशीच व्हावी, रक्कम लहान असली तरी. दर महिन्याला आलेले हजार रुपये जो विश्वास देतात, तो वर्षाअखेरीस एकदम येणाऱ्या बारा हजारांच्या आश्वासनात नसतो. आणि ज्या महिन्यात जमणार नाही, त्या महिन्यात देणाऱ्याने विचारण्यापूर्वी घेणाऱ्याने सांगावे. नोकरी सुटली, तर ती बातमी पैसे देणाऱ्याला तिसऱ्याकडून कळू नये. उशीर माफ होतो, लपविणे होत नाही.

चौथी गोष्ट, वाहन कोणाच्या नावावर, हे भावनेने ठरवू नये. जे चालविणार त्याच्या नावावर ते असावे. जुनी गाडी घेतली असेल, तर नाव बदलून घेण्यात हयगय करू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे, की परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे, तोच अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दृष्टीने मालक मानला जाईल. मदत म्हणून स्वतःच्या नावावर गाडी घेऊन देणाऱ्या काकाला हे ठाऊक असले पाहिजे. विम्याचेही तसेच. कायद्याने सक्तीचा असलेला विमा हा दुसऱ्याच्या नुकसानीचा असतो. आपली गाडी चोरीला गेली, तर त्यातून काही मिळत नाही. गाडी जाते आणि उसने राहतात. उसन्या पैशांच्या गाडीला चोरी व अपघाताचा विमा परवडत नाही असे म्हणू नये. खरे तर तिलाच तो सर्वांत आधी हवा.

पाचवी गोष्ट देणाऱ्यासाठी आहे. जेवढे बुडाले तरी आपले घर हलणार नाही, तेवढेच द्यावे. मुलीच्या शिक्षणाचे पैसे उदारपणे देऊन नंतर दररोज झुरण्यापेक्षा निम्मी रक्कम मोकळ्या मनाने देणे चांगले. नाही म्हणावयाचे असेल, तर लवकर आणि कारणासह म्हणावे. समोरच्याला पंधरा दिवस आशेवर ठेवू नये. आणि दिल्यानंतर त्याच्या संसाराचे परीक्षक होऊ नये. 36,000 रुपये बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते, तर वर्षाला 2,340 रुपये मिळाले असते. देणाऱ्याचा त्याग एवढा आहे. तो खराच आहे, पण त्यावर दुसऱ्याच्या घरात आवाज चढविण्याचा अधिकार विकत मिळत नाही.

नात्यावर किती भार टाकावा?

कुटुंबाच्या या सामर्थ्याचे कौतुक करताना एक सावधगिरी हवी. नाते समर्थ आहे म्हणून बाकीच्यांनी आपले ओझे त्याच्यावर ढकलावे, असे होऊ नये. कामगाराला तिन्ही पाळ्यांत वेळेवर बोलाविणाऱ्या कारखान्याने, तो येणार कसा याचाही विचार केला पाहिजे. ठेकेदारी कामगारांनाही बसमध्ये जागा देणे, पहिल्या महिन्यात लहानशी उचल देणे, यांत मोठा खर्च नाही. आणि गैरहजेरी कमी झाली तर तो भरूनही निघतो. पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थांची महाराष्ट्रात उत्तम परंपरा आहे. तिच्यातील कर्जाचा हप्ता पगारातून परस्पर वळता होतो, म्हणून तेथे कोणाला तोंड चुकवावे लागत नाही. तिचे दार कंत्राटी कामगारांसाठीही उघडता येईल का, याचा विचार व्हावा. महिला बचत गटांनी तर हा मार्ग खेड्यापाड्यांत दाखविलाच आहे.

आणि सार्वजनिक वाहतूक. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हा खेड्यातील माणसाला स्वतःचे वाहन नसतानाही शहर जवळ आले. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले, तेव्हा अनेक भगिनींना दूरचे काम परवडू लागले. पाळीच्या वेळेला एक बस वाढली, तर त्या मार्गावरील कित्येक घरांची उसनवारी टळते. हा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. घराघरांत मात्र तो दिसतो.

सज्जनहो, हातउसन्याला आपल्या भाषेत ‘उसने’ म्हणतात, ‘दान’ म्हणत नाहीत. ते परत यावयाचे असते, कारण ते पुन्हा कोणाला तरी द्यावयाचे असते. मेहुण्याचे पंधरा हजार वेळेवर परत आले, तर पुढच्या वर्षी तेच पैसे पुतणीच्या स्कूटीला कामी येतात. ते अडकले, तर पुतणीला ‘नाही’ ऐकावे लागते, आणि त्या नकाराचे कारण तिला कधी कळतही नाही. म्हणजे उसने बुडविणारा केवळ देणाऱ्याचे नुकसान करीत नाही; घरातील पुढच्या गरजूचा तो मार्ग बंद करतो. दुचाकी आठ-दहा वर्षांत मोडीत निघेल. तिच्यासाठी पुढे आलेला हात आयुष्यभर उपयोगी पडणार आहे. तो पुन्हा पुढे यावा, असे ज्याला वाटते, त्याने येत्या पगाराच्या दिवशी पहिली रक्कम त्या हातावर ठेवावी, एवढीच विनंती.